मास्तरला पोहोचवताना

मोटरसायकल माझी, चालवणार मी आणि लग्न मास्तरचं, इतकी साधी योजना होती. यात बिघडण्यासारखं काय आहे, असं मी बायकोला विचारलं, तेव्हा तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग मोटरसायकलकडे, मग मास्तरकडे, आणि काही न बोलता ती आत निघून गेली. इतक्या वर्षांच्या संसारानंतर तरी तिचं न बोलणं मला कळायला हवं होतं.

मास्तर म्हणजे आमच्या शेजारच्या इमारतीत राहणारा चित्रकलेचा शिक्षक. माझा जुना मित्र, आणि खरं सांगायचं तर एकुलता एक. मी वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर बसतो. तुम्हाला आलेलं बिल बरोबरच आहे, हे लोकांना पटवून देणं हे माझं काम. त्यामुळे दिवसभर लोक माझ्यावर ओरडतात आणि संध्याकाळी मी मास्तरबरोबर तळ्याला फेरी मारतो, तेव्हा तो काहीच बोलत नाही. हे मला फार मानवतं. त्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. त्या दु:खातून तो माझ्या सहवासामुळे सावरला, अशी माझी समजूत होती.

तर एके संध्याकाळी फेरीच्या मध्यावर मास्तर थांबला आणि तळ्याकडे बघत म्हणाला, की समुद्राकाठच्या एका गावात एक ग्रंथपाल बाई आहेत. चित्रांच्या प्रदर्शनात ओळख झाली होती. तेव्हापासून दोघं फोनवर बोलतात. बोलतात म्हणजे बाई बोलतात आणि मास्तर ऐकतो. आता बाई निवृत्त झाल्या होत्या आणि येत्या रविवारी संध्याकाळी त्यांचा भाऊ त्यांना सामानासकट आपल्या गावी, पार देशाच्या दुसऱ्या टोकाला, कायमचा घेऊन जाणार होता. त्याआधी मास्तरला त्यांना काही विचारायचं होतं. काय, ते माझ्यासारख्या माणसालाही समजलं. बाई म्हणाल्या होत्या, असलं फोनवर विचारत नाहीत, समोर येऊन विचारा. त्यावर या गृहस्थाने जन्मात पहिल्यांदाच शौर्य दाखवलं. म्हणाला, येतो, मोटरसायकलवरून येतो.

मास्तरकडे मोटरसायकल नाही. त्याला सायकलसुद्धा येत नाही. पण बाईंना फार आनंद झाला. त्या आयुष्यात कधी मोटरसायकलवर बसल्या नव्हत्या. मला दीपगृहापर्यंत एक चक्कर मारून आणा, असं त्यांनी सांगून ठेवलं. मी सुचवलं, की आपण बसने जाऊ आणि तिथे एखादी भाड्याने घेऊ. मास्तर म्हणाला, ते खोटं होईल. दुसऱ्याच्या मोटरसायकलवर दुसऱ्याच्या पाठीमागे बसून जाणं खोटं कसं होत नाही, हे त्याने कुठल्या हिशेबाने ठरवलं कोण जाणे.

मी मात्र लगेच हो म्हणालो. का म्हणालो, याचा विचार तेव्हा केला नाही. मित्राच्या सुखासाठी, असं मी सगळ्यांना सांगत होतो, आणि सांगताना मला स्वतःबद्दल फार चांगलं वाटत होतं.

माझी मोटरसायकल माझ्या लग्नाच्या वेळची आहे, आणि मी, बायको आणि ती, अशा आम्हा तिघांत आता तिचाच आवाज मोठा उरला आहे. तिच्या कागदांची मुदत संपली होती. ते नवे करायला वाहन खात्यात गेलो, तर तिथे रंगावर घोडं अडलं. कागदावर हिरवा रंग लिहिला होता. गाडीला आता कुठलाच रंग नव्हता. कारकून म्हणाला, रंग बदलल्याचा अर्ज द्या. मी म्हणालो, बदलला नाही, गेला. त्याने छापील कागद उलटसुलट करून पाहिला. त्यात रंग बदलण्याची सोय होती, जाण्याची नव्हती. मी स्वतः खिडकीच्या आतला माणूस, त्यामुळे त्याचं बरोबर आहे हे मला कळत होतं आणि त्यानेच मी जास्त चिडलो. शेवटी मास्तरने कोपऱ्यावरच्या दुकानातून रंगाचा डबा आणला आणि खात्याच्या अंगणात बसून गाडी हिरवी केली. नुसती हिरवी नाही. टाकीवर एका बाजूने उजेड पडलाय, अशी छटाही दिली. तपासनीस बाहेर आला, बराच वेळ बघत उभा राहिला, म्हणाला, सुंदर आहे, आणि मग म्हणाला, मागचा दिवा लागत नाही, उद्या या.

या सगळ्यात बातमी सोसायटीभर झाली. सेक्रेटरींनी फलकावर 'आपल्या दोन ज्येष्ठ सदस्यांची साहसी मोटरसायकल मोहीम' असं खडूने लिहून टाकलं. मी अजून ज्येष्ठ नाही आणि मास्तर आमचा सदस्य नाही, हे त्यांना सांगून उपयोग झाला नाही. मग सल्ले सुरू झाले. सेक्रेटरींचा मेव्हणा बंदरात कामाला, म्हणून त्यांनी नायलॉनची दोरी आणून दिली आणि कधीच न सुटणारी जहाजाची गाठ शिकवली. वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, पावसात फोन आणि पाकिटं अंगावर ठेवू नका, प्लास्टिकमध्ये गुंडाळून बॅगेच्या तळाशी टाका. तळमजल्यावरच्या निवृत्त परिचारिका म्हणाल्या, छातीला वारा लागला की माणूस गेलाच, शर्टाच्या आत वर्तमानपत्रं घाला. बायकोने कुठलाही सल्ला दिला नाही. तिने बॅग भरली. कोरडे कपडे, टॉवेल, घोंगडी, औषधं, डबे, पुन्हा कोरडे कपडे. बॅग इतकी फुगली की तिच्या शेजारी मास्तर हडकुळा दिसायला लागला. आणि तो तसा अंगाने भरलेला आहे.

रविवारी सकाळी निघायच्या वेळी सेक्रेटरींनी मोठ्याने हवामानाचा अंदाज वाचून दाखवला. किनाऱ्यावर वादळ, झाडं पडण्याची शक्यता, गरज नसेल तर घराबाहेर पडू नये. ते वाचताना त्यांच्या चेहऱ्यावर अभिमान होता. खाली सगळी सोसायटी जमलेली, वर फलकावर साहसी मोहीम लिहिलेलं. अशा वेळी माणूस गाडीवरून उतरून 'राहू द्या' म्हणू शकत नाही. मी किक मारली. गाडी सुरू झाली नाही. मग सोसायटीने आम्हाला फाटकापर्यंत ढकलत नेलं.

बसण्याची व्यवस्था अशी होती. पुढे मी, मागे दोरीने बांधलेली बॅग आणि आमच्या दोघांच्या मधे मास्तर. त्याला उतरायचं असलं की दाबून भरलेल्या कपाटातून कोट ओढावा तसा तो बाहेर यायचा. पाऊस सुरू झाला तो पाठीवर बुक्क्या मारल्यासारखा. चष्म्यावरून पाणी, बुटांत पाणी, आणि छातीवरची वर्तमानपत्रं भिजून त्यांचा लगदा झालेला. नव्या हिरव्या रंगाने तेवढ्यात माझ्या पँटच्या दोन्ही मांड्या रंगवल्या.

रस्ता दाखवायचं काम मास्तरकडे होतं. त्याने स्वतःच्या हाताने नकाशा काढला होता, जलरंगात. झाडं होती, टेकड्यांना सावल्या होत्या, नदी तर अशी निळीशार की बघत राहावं. फोन आणि पाकिटं प्लास्टिकमध्ये गेली होती, पण नकाशा हाताशी हवा म्हणून तो मास्तरच्या खिशात होता. एका फाट्यावर मी थांबलो आणि विचारलं, डावीकडे की उजवीकडे. मास्तरने नकाशा उघडला. नदी सगळीकडे पसरली होती. डावीकडचा रस्ता नदीत, उजवीकडचा रस्ता नदीत, आणि बाईंचं गाव होतं तिथे एक सुरेख जांभळा डाग.

मी रागावलो. वाटेत कुणाला विचारावं, तर ते माझ्या स्वभावात नाही. अंदाजाने डावीकडे वळलो आणि बऱ्याच वेळाने एका दगडाच्या खाणीत पोहोचलो. तिथून परत फिरताना मी मास्तरला म्हणालो, "तुला लग्न करायचंय की चित्र काढायचंय, ते एकदा ठरव." मास्तर काही बोलला नाही. पण त्याचं नेहमीचं न बोलणं आणि हे न बोलणं यांत फरक होता, तो मला पाठीतूनसुद्धा कळला. अबोला धरला होता त्याने. धर म्हटलं.

पुढे एका पेट्रोल पंपावर थांबलो. मास्तर ओढून काढल्यासारखा बाहेर आला आणि पंपाच्या मागे कुठेतरी गेला. मी पेट्रोल भरलं, त्यासाठी वरच्या खिशात ठेवलेल्या ओल्या नोटा दिल्या, चष्मा पुसला. पाठीला मास्तर टेकल्याचं जाणवलं, तसा मी निघालो. तोही मुकाट्याने बसला आणि मीही मुकाट्याने गाडी हाणली.

बराच वेळ मी ताठ्यात होतो. मग एक लांब पूल आला, पाणी अगदी खालच्या कडेला लागलेलं, आणि तो ओलांडताना माझी पाचावर धारण बसली. पलीकडे गेल्यावर मन जरा मऊ झालं. मी म्हणालो, नकाशा छान होता. उत्तर नाही. मी म्हणालो, खाणीत मी वळलो, तुझी चूक नव्हती. तरी नाही. वारा इतका होता की मला ओरडावं लागत होतं, आणि ओरडायला लागलं की माणूस नको ते बोलून जातो.

"खरं सांगू का मास्तर? तू लग्न करू नयेस असं मला वाटतं," मी ओरडलो. "तू तिकडे राहायला जाशील. मग मी संध्याकाळी कुणाबरोबर फिरू? खाणीत वळलो तेव्हा उशीर होतोय म्हणून मला बरंच वाटलं. ऐकतोयस ना? मला बरं वाटलं."

एवढं बोलल्यावर माझेच डोळे भरून आले. इतक्या वर्षांत एवढं मोकळं मी कुणाशी बोललो नव्हतो. मास्तर गप्पच. त्याचाही गळा दाटला असेल, असं समजून मी डावा हात मागे नेला आणि त्याचा गुडघा थोपटला. हाताला बक्कल लागलं.

मी गाडी थांबवली आणि मागे वळून पाहिलं. सेक्रेटरींची कधीच न सुटणारी गाठ सुटली होती. बॅग घसरून पुढे आली होती आणि माझ्या पाठीला टेकून आरामात बसली होती. मास्तर पंपावर राहिला होता. त्याचा फोन, त्याचं पाकीट, सगळं बॅगेच्या तळाशी होतं, आणि बॅगेला माझं मन कळलं होतं.

तसाच उलटा फिरलो. पुलाशी आलो, तर पूल नव्हता. म्हणजे असेल, पण त्याच्यावरून तपकिरी पाणी चाललं होतं. दोन ट्रक थांबले होते, ड्रायव्हर विड्या ओढत बसले होते. त्यांनी सांगितलं, आता संध्याकाळपर्यंत विसरा. आणि बाई तर संध्याकाळी निघणार. बॅगेच्या तळातून फोन काढला, तर वादळात रेंज नव्हती. मी पावसात उभा राहून विचार केला. मास्तर इकडे येऊ शकत नव्हता, मी तिकडे जाऊ शकत नव्हतो. आणि माझ्या मनात होतं ते आपोआप, कुणीही काही न करता, घडून येत होतं. त्याचा मला जरासुद्धा आनंद झाला नाही. मी गाडी पुन्हा फिरवली आणि, स्वभाव बाजूला ठेवून, भेटेल त्याला विचारत बाईंच्या गावाला गेलो.

बाईंचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दारात खोकी रचलेली, भिंतींवरच्या चौकटी काढलेल्या. दार बाईंच्या भावाने उघडलं. मी हेल्मेटमध्ये, हिरव्या मांड्यांचा, खाली तळं करत उभा. त्याने विचारलं, मोटरसायकलवरून येणार होते ते तुम्हीच का? मी म्हणालो, हो, मोटरसायकलवरून मीच आलो. हे खरं होतं. त्याने मला आत खुर्चीवर बसवलं आणि तपासायला घेतलं. नोकरी काय करता, रक्तदाब आहे का, या वयात हे काय सुचलं. तक्रार खिडकीवर बसून बसून माझी अशी सवय झाली आहे, की समोरचा चढ्या आवाजात विचारू लागला की मी क्रमाने उत्तरं देतो. रक्तदाब आहे म्हणालो. पत्नी आहे का, असं त्याने विचारलं. आहे, घरी आहे, असं मी सांगितलं, तेव्हा तो उठून उभा राहिला. मीही उठलो, आणि माझ्या शर्टातून भिजलेल्या वर्तमानपत्राचा एक गोळा फरशीवर पडला.

तेवढ्यात आतून बाई आल्या. उंच, पांढरे केस आखूड कापलेले, हातात सुतळीचा गुंडा. त्यांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा त्या गोळ्याकडे पाहिलं.

"हे ते नाहीत," त्या भावाला म्हणाल्या. मग मला विचारलं, "ते कुठे आहेत?"

"पेट्रोल पंपावर," मी म्हणालो. "विसरलो."

"छत्री विसरतात," बाई म्हणाल्या. "माणूस कसा विसरलात?"

मी सांगायला सुरुवात केली आणि सगळं सांगितलं. अबोला, बॅग, पूल. बॅगेशी काय बोललो, तेवढं गाळलं. मग मास्तरची बाजू मांडायला घेतली. जन्मभर मी चुकीची बिलं बरोबर म्हणून पटवून दिली, आणि आता अगदी बरोबर माणूस पटवून द्यायचा होता तर जीभ वळेना. तो घोरतो, पण एका लयीत घोरतो, असं म्हणालो. नकाशा त्याला येत नाही, पण नदी फार छान काढतो, असंही म्हणालो. भाऊ घड्याळाकडे बघत होता. गाडी खाली उभी आहे, सामान चढवायचंय, हे त्याने दोनदा सांगितलं.

बाईंनी सुतळीचा गुंडा खोक्यावर ठेवला आणि रेनकोट अंगावर घेतला. भाऊ म्हणाला, कुठे निघालीस, उशीर होतोय. बाई म्हणाल्या, "ते इतक्या पावसात निघाले होते. मी पुलापर्यंत तरी जाते." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "चला. मला कसं बसायचं ते माहीत नाही, तेवढं सांगा."

अशा तऱ्हेने बाई आयुष्यात पहिल्यांदा मोटरसायकलवर बसल्या, आणि त्या माझ्या मागे. त्या बसल्यात की नाही, हे मी वाटेत चार-पाच वेळा विचारून खात्री करून घेतली. भाऊ आपल्या गाडीतून हॉर्न वाजवत मागे येत होता.

पुलाच्या आता दोन्ही बाजूंना ट्रक आणि मोटारींची रांग लागली होती. पाणी तसंच. पलीकडच्या काठावर, एका ट्रकच्या पायरीवर, मास्तर उभा होता. कुणाच्या तरी ट्रकमध्ये बसून तो इथवर आला होता. डोक्यावर खताचं रिकामं पोतं, चष्मा हातात. त्याने आम्हाला पाहिलं आणि घाईघाईने खाली उतरला, तो चिखलात गुडघ्यापर्यंत.

भाऊ गाडीतून उतरून आला. म्हणाला, बघितलंस ना, सुखरूप आहेत, आता चल. बाई तिथेच उभ्या राहिल्या. पलीकडे मास्तरने चष्मा पुसला, लावला, पुन्हा काढला. मग तो पाण्याच्या अगदी कडेला आला आणि ओरडला. मास्तर ओरडला. वर्गातल्या पोरांवर जो माणूस कधी आवाज चढवत नाही, तो मान मागे टाकून, मुठी आवळून ओरडत होता आणि त्यातला एक शब्द आमच्यापर्यंत येत नव्हता. वारा सगळं नदीवरून खाली घेऊन जात होता. ट्रकवाले उठून उभे राहिले. मास्तर थांबला, श्वास घेतला आणि पुन्हा ओरडला.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही त्यांना ओळखता," त्या म्हणाल्या. "काय म्हणतायत?"

आता हे कबूल केलं पाहिजे, की तेव्हा माझ्या मनात आलं. कळत नाही म्हणावं. किंवा तुम्ही निघा म्हणतोय, असं सांगावं. भाऊ गाडीचं दार उघडून उभा होता, कुणाला काही कळलं नसतं, आणि सोमवारी संध्याकाळी आम्ही दोघं तळ्याला फेरी मारली असती. मास्तर पलीकडे तसाच उभा होता, पोतं उडून गेलेलं, आणि माझ्याकडे बघत होता. बाईंकडे नाही, माझ्याकडे. मी नीट सांगेन असं त्याला वाटत होतं.

"तो विचारतोय," मी म्हणालो, "माझ्याशी लग्न कराल का."

माझा आवाज नको तितका खणखणीत निघाला. एका ट्रक ड्रायव्हरने विडी टाकली. बाईंच्या चेहऱ्यावरून पाणी ओघळत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. त्या मास्तरकडे बघत होत्या.

"हो म्हणावं," त्या हळूच म्हणाल्या. "सांगाल का त्यांना? माझा आवाज नाही जायचा."

मी पाण्याच्या कडेला गेलो. दोन्ही हात तोंडाशी धरले आणि छातीत होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडलो, "हो म्हणतायत."

मास्तरने तळहात कानामागे धरला आणि मान हलवली. त्याला ऐकू आलं नव्हतं.

मग मी पुन्हा ओरडलो.